श्वास, शीड आणि समुद्र: ग्रीसमधली फ्रीडायव्हिंगची सुट्टी मनाला नेमकं काय देते?

(पॉडकास्टच्या एपिसोडचं थोडं नीटनेटकं केलेलं शब्दांकन)

 

गेल्या सप्टेंबरमध्ये मी ग्रीसला जाऊन आलो. आम्ही सहा जण, एक शिडाची बोट, आठ दिवस, आणि रोज सकाळी फ्रीडायव्हिंग. फ्रीडायव्हिंग म्हणजे पाठीवर सिलिंडर न घेता, एका श्वासात खाली जायचं आणि वर यायचं. फोटो टाकल्यापासून मला दोनच प्रश्न येतायत. पहिला: ‘खरंच एवढं शांत वाटतं का रे?’ दुसरा, जो सहसा आई-बाबांकडून येतो: ‘हे सेफ आहे का?’

आजचा एपिसोड या दोन प्रश्नांवर आहे, आणि गंमत म्हणजे दोघांचं उत्तर एकच आहे. या सुट्टीत जी शांतता मिळते ती खोल गेल्यामुळे मिळत नाही. वेळेत परत फिरायला शिकल्यामुळे मिळते. आणि जीवही त्यामुळेच वाचतो. कसं, ते बघू.

आधी शरीरात काय होतं ते समजून घेऊ

तुम्ही श्वास रोखून चेहरा गार पाण्यात घातला की शरीर आपोआप एक मोड बदलतं. कपाळ, डोळे आणि नाकाभोवतीच्या नसा मेंदूला सांगतात की आपण पाण्यात आहोत. मेंदू व्हेगस नावाच्या नसेमार्फत हृदयाला हळू चालायला सांगतो. हातापायांतल्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणजे ऑक्सिजन मेंदू आणि हृदयासाठी राखून ठेवला जातो. प्लीहाही आकुंचन पावते आणि साठवलेल्या लाल रक्तपेशी रक्तात सोडते. याला डायव्ह रिफ्लेक्स म्हणतात. सील आणि व्हेलमध्ये तो जबरदस्त असतो, आपल्यातही थोडाफार असतोच.

आता विचार करा, आपण दिवसभर स्क्रीनसमोर कसे बसतो. खांदे वर, श्वास उथळ, दर चार मिनिटांनी नोटिफिकेशन. फ्रीडायव्हिंगमध्ये खाली जाण्याआधी दोन-तीन मिनिटं पाण्यावर पालथं पडून, स्नॉर्केलमधून सावकाश श्वास घ्यायचा असतो. श्वास घेण्यापेक्षा सोडण्याला जास्त वेळ द्यायचा. तेवढ्यात हृदयाचे ठोके उतरतात, जबडा सैल पडतो. ताणलेल्या अंगाने डाइव्ह होतच नाही. कान मोकळे होत नाहीत, ऑक्सिजन भराभर संपतो. म्हणजे इथे रिलॅक्स होणं हा बोनस नाही, ती पूर्वअट आहे. जिममध्ये जोर लावला की रिझल्ट मिळतो, इथे जोर लावला की पाच मीटरवरून परत यावं लागतं.

पण एक गोष्ट आत्ताच सांगतो. हे अँक्झायटीवरचं किंवा डिप्रेशनवरचं औषध नाही. थेरपी चालू असेल तर ती चालू ठेवा, गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारा. हृदयाचा त्रास, दमा, फिट्स, कानाचं किंवा सायनसचं जुनं दुखणं, प्रेग्नन्सी, यातलं काहीही असेल तर आधी डॉक्टर, मग तिकीट. चांगल्या कोर्समध्ये पहिल्याच दिवशी मेडिकल फॉर्म भरून घेतात. तो खरा भरा.

अलार्म म्यूट केला म्हणजे सर्व्हर ठीक झाला, असं नाही

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. हेडफोन नीट लावा.

श्वास रोखल्यावर काही वेळाने जी तगमग होते, छातीत उचकी लागल्यासारखं होतं, ती कशामुळे? बहुतेक जण म्हणतात, ऑक्सिजन संपल्यामुळे. तसं नाहीये. ती तगमग रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे होते. म्हणजे शरीराचा अलार्म कार्बन डायऑक्साइडवर लावलेला आहे. ऑक्सिजन कमी होतोय हे सांगणारा तेवढा भरवशाचा अलार्म आपल्याकडे नाही.

मी इंजिनिअर आहे, तर असं समजा: सर्व्हरची डिस्क भरत चालली आहे, पण तुमचा अलर्ट फक्त सीपीयूवर लावलाय. एरवी दोन्ही एकत्र वाढतात म्हणून काम भागतं. पण कोणी सीपीयूचा आकडा मुद्दाम खाली आणला, तर अलर्ट वाजणार नाही आणि डिस्क मात्र भरतच राहील. एक दिवस सिस्टीम सूचना न देता बंद.

डाइव्हआधी जोरजोरात, भराभर श्वास घेतले की नेमकं हेच होतं. याला हायपरव्हेंटिलेशन म्हणतात. त्याने शरीरातला ऑक्सिजन जवळपास वाढत नाही, कारण रक्त आधीच बऱ्यापैकी भरलेलं असतं. फक्त कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकला जातो. मग तगमग उशिरा सुरू होते, आपल्याला वाटतं ‘आज काय मस्त चाललंय!’, आणि माणूस पाण्यात बेशुद्ध पडतो. दुखत नाही, घाबरायला होत नाही, हातपाय मारले जात नाहीत. म्हणूनच ते भयंकर आहे. बाजूला पोहणाऱ्याला कळतसुद्धा नाही.

आपल्याकडच्या लोकांसाठी यात एक खास इशारा आहे. आपल्यापैकी कित्येक जण सकाळी कपालभाती आणि भस्त्रिका करतात. जमिनीवर, नीट शिकून, जरूर करा. पण पाण्यात उतरण्याआधी श्वास ‘तयार’ करायचा म्हणून भस्त्रिका केली, तर ते सरळसरळ हायपरव्हेंटिलेशन आहे. आणि गावाकडच्या विहिरीत किंवा सोसायटीच्या स्विमिंग पूलमध्ये ‘पाण्याखाली कोण जास्त वेळ थांबतो’ ही पैज लागते ना, तिथेही धोका हाच. कडेला पोहता येणारे दहा जण असतात, पण त्या एकाकडे लक्ष ठेवायचं काम कोणाकडेच दिलेलं नसतं.

शेवटचे 10 मीटर

खाली जाताना दर 10 मीटरला दाब साधारण एका वातावरणाएवढा वाढतो. पृष्ठभागावर 6 लिटर हवा असलेली फुप्फुसं 10 मीटरवर 3 लिटरची होतात, 20 मीटरवर 2 लिटरची. अकरावीतला बॉइलचा नियम आठवला का? तोच.

दाब वाढला की ऑक्सिजनचा दाबही वाढतो, आणि मेंदूला टक्केवारी नाही, दाब कळतो. उदाहरणापुरतं धरा की 20 मीटरवर तुमच्या फुप्फुसांत फक्त 6 टक्के ऑक्सिजन उरलाय. तिथे एकूण दाब 3 बार, म्हणजे ऑक्सिजनचा दाब 0.18 बार. आपण आत्ता ज्या हवेत बसलोय तिथे तो 0.21 आहे. म्हणजे खाली सगळं छान वाटतं. आता वर या. तोच 6 टक्के पृष्ठभागावर 0.06 बार होतो, आणि हा शुद्ध हरपण्याचा पट्टा आहे. सगळ्यात वेगाने ही घसरण शेवटच्या 10 मीटरमध्ये होते, कारण तिथे दाब दुपटीवरून एकपटीवर येतो.

म्हणून बहुतेक ब्लॅकआउट खोल तळाशी होत नाहीत. ते वर येताना अगदी शेवटी, किंवा डोकं पाण्याबाहेर आल्यानंतर काही सेकंदांनी होतात. आणि म्हणूनच जगभरच्या फ्रीडायव्हिंग कोर्समध्ये पहिला नियम हा असतो: एकटं कधीच नाही. एक वर, एक खाली. जोडीदाराने वर येणाऱ्याला शेवटच्या टप्प्यात गाठायचं, आणि डोकं बाहेर आल्यावरही किमान 30 सेकंद नजर हटवायची नाही. वर आलेल्याने जल्लोष करायचा नाही, आधी तीन-चार दमदार रिकव्हरी श्वास घ्यायचे. दोन डाइव्हमधली विश्रांती किमान डाइव्हच्या दुप्पट. कंबरेचं वजन असं लावायचं की वरच्या 10 मीटरमध्ये माणूस आपोआप तरंगेल.

‘मी नवशिका नाही, मला चालतं’ असं वाटत असेल तर एक नाव लक्षात ठेवा: नतालिया मोल्चानोव्हा. रशियाच्या या बाईंच्या नावावर 41 जागतिक विक्रम होते. एका जागी स्थिर राहून 9 मिनिटं 2 सेकंद श्वास रोखण्याचा विक्रमही त्यांनी केला होता. 2 ऑगस्ट 2015 ला स्पेनमधल्या फोर्मेन्तेरा बेटाजवळ बोटीवरून शिकवणी देत असताना त्यांनी एक साधा, मजेसाठीचा डाइव्ह केला. त्या परत वर आल्याच नाहीत, नंतर सापडल्याही नाहीत. ना स्पर्धा होती, ना विक्रमाचा प्रयत्न. सुट्टीच्या मूडमधला समुद्रही समुद्रच असतो.

दगड, दोर आणि वर बसलेला माणूस

जोडीदाराची ही कल्पना नवी नाही, आणि ती ग्रीसच्या बेटांवर फार पूर्वीपासून आहे. तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ कालिम्नोस आणि सिमी अशी दोन बेटं आहेत. तिथले लोक पिढ्यान् पिढ्या समुद्रतळावरून स्पंज काढायचे. पद्धत अशी: डाइव्हर हातात एक चपटा, गुळगुळीत दगड धरतो. त्या दगडाला दोर बांधलेला, आणि दोराचं दुसरं टोक बोटीवरच्या सोबत्याच्या हातात. दगडाच्या वजनाने डाइव्हर भर्रकन खाली जातो. काम झालं की सोबती त्याला दोराने वर ओढून घेतो. या दगडाला स्कांदालोपेत्रा म्हणतात.

1913 मध्ये कार्पाथोस बेटाजवळ रेजिना मार्गेरिटा या इटालियन युद्धनौकेचा नांगर हरवला. तो शोधायला सिमीचा स्पंज डाइव्हर स्टाथिस हात्झिस अशाच पद्धतीने 70 मीटरहून जास्त खोल गेला. गोष्ट सांगताना सगळे त्याचंच नाव घेतात. मला मात्र दोर धरून वर बसलेल्या माणसाबद्दल जास्त कुतूहल आहे. तो नसता तर गोष्टच उरली नसती.

मग शिडाची बोट कशाला?

कोर्स तर किनाऱ्यावरही करता येतो. पण बोटीमुळे तीन गोष्टी बदलतात.

पहिली, वेळापत्रक तुमच्या हातात राहत नाही. आम्ही अथेन्सजवळच्या सारोनिक आखातात होतो: एजिना, पोरोस, डोकोस, हायड्रा. हे पाणी त्यातल्या त्यात शांत. मध्य एजियनमध्ये, म्हणजे सिक्लाडीझ बेटांकडे, जुलै-ऑगस्टमध्ये मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा कधीकधी दिवसेंदिवस घोंघावतो. नवख्यांनी त्या काळात तिकडे न गेलेलं बरं. सप्टेंबरमध्ये पाणी साधारण 24 डिग्री, गर्दी कमी. सकाळी समुद्र बहुतेक सपाट असतो, दुपारी वारा धरतो. म्हणून आमचा दिवस असा: सकाळी हलका नाश्ता, नंतर डाइव्ह, मग जेवण, दुपारी शीड उभारून पुढचं बेट, संध्याकाळी नांगर. वाऱ्याला ‘आज ईओडीपर्यंत जमेल का?’ असा मेसेज करता येत नाही. दोन दिवसांनी आपण विचारायचंही सोडून देतो.

दुसरी, सहा माणसं एका छोट्या जागेत राहतात. दोर कोणी ओढायचा, भांडी कोणी घासायची, रात्री नांगर घसरतोय का हे कोणी बघायचं, सगळं बोलून ठरवावं लागतं. आणि सकाळी याच माणसांच्या नजरेवर तुमचा जीव अवलंबून असतो. माझा जोडीदार आमच्याच ग्रुपमधला, एरवी अतिशय विसराळू माणूस. पण मी खाली असताना तो ज्या एकाग्रतेने माझ्याकडे बघायचा, तेवढ्या लक्षाने माझ्याकडे शेवटचं कोणी कधी पाहिलं होतं, मला आठवेना. आपण रोज एकमेकांशी बोलताना अर्धा डोळा फोनवर ठेवतो. इथे 30 सेकंद पूर्ण लक्ष द्यायचं आणि पूर्ण लक्ष घ्यायचं. माझ्या मते या सुट्टीतलं खरं वेलबीइंग इथे आहे.

तिसरी, परत फिरणं नॉर्मल होतं. स्किपर वारा बघून म्हणायचा, ‘आज हायड्रा नाही.’ विषय संपला. कोणी वाद घालायचं नाही. तेच पाण्यात. तिसऱ्या दिवशी पोरोसजवळ मी दोर धरून खाली जात होतो, 9 मीटरवर उजवा कान मोकळा होईना. खाली 15 मीटरची खूण दिसत होती. मी वळलो आणि वर आलो. जोडीदाराने अंगठा आणि बोट जुळवून ‘ओके?’ विचारलं, मी ‘ओके’ केलं, झालं. कोणी ‘अरे थोडं अजून’ म्हणालं नाही. इन्स्ट्रक्टरने तर शाबासकी दिली. कान दुखत असताना रेटलं तर पडदा फाटू शकतो, हे त्यामागचं साधं कारण. पण माझ्यासाठी ते नवीन होतं. ऑफिसमध्ये ‘हे या स्प्रिंटमध्ये होणार नाही’ म्हणायला मला घाम फुटतो. इथे दिवसातून पाच वेळा शांतपणे ‘आत्ता नाही’ म्हणायचा सराव झाला, आणि दर वेळी त्यासाठी कौतुकच झालं.

बुक करण्याआधी विचारायचे प्रश्न

‘सेल अँड फ्रीडाइव्ह रिट्रीट’ अशा सुंदर जाहिराती खूप दिसतात. सूर्यास्ताचे फोटो बघून पैसे भरू नका. हे विचारा:

• इन्स्ट्रक्टर आणि स्किपर वेगळे आहेत का? एकच माणूस दोन्ही करत असेल तर नको. कोणी पाण्यात असताना बोट सांभाळायला जबाबदार माणूस वरच हवा.

• इन्स्ट्रक्टरकडे आयडा, एसएसआय किंवा मोल्चानोव्हज यांसारख्या संस्थेचं चालू सर्टिफिकेट आहे का? पहिल्या लेव्हलचा कोर्स साधारण दोन-तीन दिवसांचा असतो आणि त्यात बेशुद्ध माणसाला वर आणण्याचा सराव करून घेतातच. तो नसेल तर तो कोर्स नाही.

• डाइव्ह कशावरून? स्वतंत्र बोया, त्याला वजन लावलेला दोर आणि डाइव्हरला लॅनयार्ड हवा. डाइव्हर पाण्यात असताना इंजिन बंद, आणि खाली माणसं आहेत हे सांगणारा झेंडा वर.

• ऑक्सिजन किट आणि चालू व्हीएचएफ रेडिओ बोटीवर आहे का? जवळचं हॉस्पिटल कोणत्या बेटावर?

• नांगर कुठे टाकतात? भूमध्य समुद्रात पोसिडोनिया नावाच्या समुद्री गवताची कुरणं आहेत. ती फार हळू वाढतात आणि नांगराने उखडली जातात. चांगला स्किपर वाळू बघूनच नांगर टाकतो.

आपल्या बाजूने पाळायच्या गोष्टी: डाइव्ह संपेपर्यंत बिअर नाही. पाणी भरपूर प्या, कारण ऊन, वारा आणि पाण्यात राहिल्याने लागणारी लघवी, तिन्हींमुळे डिहायड्रेशन होतं. बोट लागते म्हणून घेतलेल्या गोळीने झोप येत असेल तर त्या दिवशी डाइव्ह नाही. सर्दी असेल तरी नाही. स्कूबा केलेल्या दिवशी त्यानंतर फ्रीडाइव्ह नाही. आणि शेंगेन व्हिसासाठी लागणारा किमान 30,000 युरोचा इन्शुरन्स काढला म्हणजे काम झालं असं नाही. त्यात फ्रीडायव्हिंग कव्हर होतं का, किती मीटरपर्यंत, ते पॉलिसीत वाचा.

ग्रीस परवडत नाही, मग?

रास्त प्रश्न. विमान, व्हिसा, बोटीचं भाडं, सगळं मिळून खर्च मोठा आहे. आम्ही दीड वर्ष पैसे साठवले. पण यातलं बरंचसं ग्रीसशिवाय मिळतं. पोहणं पक्कं करा. कोर्सचा सुरुवातीचा भाग तसाही पूलमध्येच होतो. मालवण-तारकर्लीला पावसाळ्यानंतर पाणी निवळलं की इन्स्ट्रक्टरसोबत स्नॉर्केलिंग किंवा स्कूबा करून बघा, समुद्रात आपण घाबरतो की रमतो ते कळेल. फक्त एक फरक लक्षात घ्या: भूमध्य समुद्रात भरती-ओहोटी जवळजवळ नसते, कोकणात ती मोठी असते. तिथे स्थानिक कोळ्यांचं ऐकायचं, ग्रीसचे व्हिडिओ बघून स्वतः ठरवायचं नाही.

आणि घरी, पलंगावर पडून, चार सेकंद श्वास आत आणि आठ सेकंद बाहेर, पाच मिनिटं करून बघा. श्वास रोखू नका, पैज लावू नका. कोरड्या जागेत, सावकाश. बाथटबमध्ये किंवा पूलमध्ये एकट्याने श्वास रोखण्याचा सराव अजिबात नाही. एकदाही नाही.

तर आई-बाबांच्या प्रश्नाचं उत्तर: नियम पाळले आणि वर लक्ष ठेवणारा माणूस असेल, तर धोका बराच कमी करता येतो. एकट्याने केलं तर कितीही मुरलेला माणूस असला तरी सेफ नाही. हा एपिसोड आवडला असेल तर ज्याच्यासोबत तुम्ही पोहायला जाता त्यालाच पाठवा, कारण हे दोघांनाही माहीत असलं तरच उपयोग आहे. प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या वेळी घेऊ.

भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर श्वास सावकाश सोडा!